सुट्टीत स्थानिक रेस्टॉरंटमध्ये जेवताना: पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

परक्या गावात चांगलं जेवण मिळणं नशिबावर असतं, असं पुष्कळ जण धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. सुट्टीत जेवणाची निराशा बहुधा एकाच वाटेने येते. सकाळपासून भटकंती चाललेली असते, नाश्ता उशिरा झालेला असतो आणि जेवणाची आठवण होते ती दुपारी चार वाजता. तोवर गावातली चांगली स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. उघडी असतात ती निव्वळ पर्यटकांवर चालणारी. पोटात कावळे ओरडत असले की माणूस निवड करत नाही, समोर दिसेल तिथे बसतो.

म्हणून सगळ्या पायऱ्यांच्या आधी एक गोष्ट पक्की करा: गावातली माणसं ज्या वेळेला जेवतात, त्या वेळेला तुम्हीही जेवा. त्या वेळेला अन्न नुकतं शिजलेलं असतं, खरी गर्दी कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं, दुपारचा स्वस्त ठरावीक मेन्यू मिळतो आणि पोट बिघडण्याची भीतीही कमी होते. पुढचं बरंचसं या एका सवयीवर उभं आहे.

जवळ काय असावं

- त्या भागाचा ऑफलाइन नकाशा. गूगल मॅप्समध्ये तो वायफायवर असतानाच उतरवून घ्या.
- भाषांतराचं ॲप आणि त्यात स्थानिक भाषेची ऑफलाइन फाइल. नुसतं ॲप असून भागत नाही. तळघरातल्या रेस्टॉरंटमध्ये नेट गेलं की कॅमेऱ्याने मेन्यू वाचणं थांबतं.
- तुम्ही काय खात नाही ते स्थानिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी (पायरी ६ पाहा).
- थोडी स्थानिक रोकड, लहान नोटा आणि नाणी. छोट्या ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही.
- दोन कार्डं, दोन वेगळ्या खिशांत. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू केलेला असावा.
- ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं आणि तीव्र ॲलर्जी असेल तर ॲड्रेनॅलिनचं पेन, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- प्रवास विम्याची प्रत आणि त्यावरचा मदत क्रमांक, फोनमध्येही आणि कागदावरही.

१. जायच्या आधीच तिथली जेवणाची वेळ शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या सुमाराला सुरू होतं आणि रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी साडेसहाला लेकरं घेऊन जेवायला निघालात तर चांगली ठिकाणं अजून उघडलेलीच नसतात. फ्रान्समध्ये उलटं आहे. दुपारचं जेवण बारा ते दोनमध्ये आटोपतं आणि सव्वादोनला पोचलेल्याला बहुतेक ठिकाणी नम्रपणे परत पाठवतात. अमेरिकेत संध्याकाळी सहाला जेवायला बसणं अगदी सर्रास चालतं.

नकाशावर दिसणारी बंद होण्याची वेळ ही दाराची असते. स्वयंपाकघर त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी थांबतं. दहाला बंद होणाऱ्या ठिकाणी साडेनऊला गेलात तर आवरायच्या घाईत असलेल्या माणसांच्या हातचं जेवण मिळेल. ते तुम्हालाही नको आणि त्यांनाही नको.

आठवड्याची सुट्टीही बघून ठेवा. युरोपात पुष्कळ रेस्टॉरंट रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद असतात. ऑगस्टमध्ये पॅरिसमधली आणि इटलीच्या मोठ्या शहरांमधली कुटुंबांनी चालवलेली अनेक ठिकाणं आठवडे-आठवडे कुलूपबंद असतात, कारण मालकही सुट्टीवर जातात. रमजानच्या महिन्यात बऱ्याच मुस्लिम देशांमध्ये दिवसा खाण्याची सोय मोजक्या ठिकाणीच असते आणि सूर्यास्तानंतर टेबल मिळणं अवघड होतं. अशा वेळी रस्त्यात उघड्यावर खाणं-पिणं टाळा. काही देशांत त्याला कायद्याने बंदी आहे.

मधल्या वेळेची तजवीज सोपी आहे. सकाळी बाजारातून फळं, ब्रेड, थोडे दाणे घ्या आणि पिशवीत ठेवा. दुपारी दीडला भूक लागली आणि गाव अडीचला जेवत असलं, तर तेवढ्यावर तास काढता येतो.

बजेट जपायचं असेल तर मुख्य जेवण दुपारी घ्या. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' नावाचा ठरावीक मेन्यू असतो: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, ब्रेड, बहुधा पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. जपानमध्ये दुपारची 'तेइशोकु' म्हणजे भात, सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ अशी थाळी मिळते. हे मेन्यू जवळ काम करणाऱ्यांसाठी असतात आणि ती माणसं रोज येतात. रोज येणाऱ्याला वाईट जेवण देऊन कुणाचा धंदा चालत नाही.

२. भूक लागण्याआधी दोन-तीन जागा हेरून ठेवा

आदल्या रात्री दहा मिनिटं काढा. उद्या दुपारी कुठे असाल ते नकाशावर बघा आणि त्या प्रेक्षणीय जागेपासून तीन-चार गल्ल्या आत सरका. मुख्य चौकातलं भाडं प्रचंड असतं आणि ते तुमच्या ताटातून वसूल होतं. शिवाय चौकात बसणारं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, हे मालकाला माहीत असतं. बाजार, विद्यापीठ, सरकारी कचेऱ्या, मोठं रुग्णालय, रेल्वेचा कारखाना अशांच्या आसपास जेवणारी माणसं रोजची असतात.

ऑनलाइन अभिप्राय कसे वाचायचे?

सरासरी ताऱ्यांकडे मी फारसं बघत नाही. आधी अभिप्राय नव्यातून जुन्याकडे लावून घ्या, कारण आचारी बदलला की जुनं कौतुक निरुपयोगी होतं. मग तीन तारे देणाऱ्यांचं वाचा. पाच तारेवाले आनंदात असतात, एक तारेवाले रागात असतात, तीनवाले बहुधा तपशील सांगतात. सगळे अभिप्राय परदेशी लोकांचेच असतील तर ती जागा कुणासाठी चालते ते कळलंच. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा, त्यात मेन्यूचा फोटो शोधा आणि तो केव्हाचा आहे हेही तपासा. गूगल मॅप्सवर कोणत्या तासाला किती गर्दी असते याचा आलेखही असतो. त्यावरून पहिल्या पायरीतली वेळ ताडून बघता येते.

माणसांना विचारायचं तर प्रश्न नीट विचारा. "इथे चांगलं रेस्टॉरंट कुठे आहे?" असं विचारलं की लोक पाहुण्याला शोभेल असं, म्हणजे महागडं नाव सांगतात. "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" असं विचारा. औषधाच्या दुकानातला माणूस, पुस्तकवाला, बाजारातली भाजीवाली यांची उत्तरं मला मुक्कामाच्या हॉटेलातल्या काउंटरपेक्षा जास्त उपयोगी पडली आहेत.

टॅक्सीवाला आग्रहाने एखाद्या ठिकाणी नेत असेल तर त्यात दलाली असू शकते. आणि रस्त्यात ओळख काढून "चला, चहा घेऊ" म्हणणाऱ्या गोड अनोळखी माणसांबरोबर जाऊ नका. बीजिंग आणि शांघायमध्ये चहाच्या नावाखाली आत बसवून अवाच्या सवा बिल लावण्याचा प्रकार कुप्रसिद्ध आहे आणि तशाच युक्त्या इतर शहरांतही चालतात. जागा तुम्ही निवडा, बरोबर कुणीही असो.

मिशेलिन (रेस्टॉरंटांना तारे देणारी फ्रेंच मार्गदर्शिका) म्हटलं की महागडे तारे आठवतात, पण त्यांचीच 'बिब गूरमाँ' नावाची वेगळी यादी 1997पासून आहे. बेताच्या दरात चांगलं जेवण देणारी ठिकाणं त्यात असतात आणि यादी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. तिच्यावर सगळा भार टाकू नका, पण परक्या मोठ्या शहरात सुरुवात करायला ती बरी आहे.

शुक्रवार-शनिवारी रात्री जायचं असेल किंवा चारांपेक्षा जास्त माणसं असाल तर टेबल आधी सांगून ठेवा. फोनवर भाषा अडली तर मुक्कामाच्या ठिकाणी विनंती करा, ते आनंदाने फोन लावून देतात. बुकिंग करताना कार्डाचा नंबर मागितला तर न गेल्यास किती पैसे कापले जातील ते वाचा. आणि जायचं रद्द झालं तर कळवा. छोट्या ठिकाणी चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या की त्या रात्रीची कमाई बुडते.

३. दारात उभं राहून दोन मिनिटं बघा

दार ओलांडल्यावर परत फिरणं अवघड जातं, म्हणून बघायचं ते बाहेरून.

आत कोण बसलंय? एकटी जेवणारी माणसं, कामाच्या कपड्यांतली माणसं, आजी-आजोबांसह आलेली कुटुंबं दिसली की मी निर्धास्त होतो. टेबलांवर ताटं आहेत की फक्त पेयं, हेही बघा. जेवणाच्या भर वेळेला शेजारची जागा भरलेली आणि ही रिकामी असेल तर गावाने उत्तर देऊन टाकलं आहे.

मेन्यू केवढा आहे? एका पानावर मावणारा, त्यातही काही खोडून "संपलं" लिहिलेलं, हे उत्तम लक्षण. एकाच स्वयंपाकघरातून पिझ्झा, सुशी, कबाब आणि बर्गर येत असतील तर बरंचसं फ्रीझरमधून येतंय असं समजा. दारात उभं राहून हाताला धरून आत ओढणारा माणूस असेल तर पुढे चला. चांगल्या जागेला त्याची गरज पडत नाही.

फोटोंच्या बाबतीत घाई करू नका. पुष्कळ ठिकाणी सहा भाषांतला चकचकीत फोटोवाला मेन्यू हा पर्यटकी जागेची खूण असतो, हे खरं. पण जपानमध्ये काचेमागे पदार्थांचे प्लॅस्टिकचे नमुने मांडणं ही अगदी साध्या, रोजच्या खाणावळींचीही रीत आहे. भाषा येत नसलेल्या माणसाला तर ती मोठीच सोय.

दर बाहेर लिहिलेत का? फ्रान्समध्ये मेन्यू आणि दर बाहेर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. जिथे तसा कायदा नाही तिथेही दर न दाखवणारी जागा मी टाळतो.

स्वच्छतेचा शेरा काही देशांत दारावरच असतो. ब्रिटनमध्ये, स्कॉटलंड सोडून, 0 ते 5 असा गुण असलेला स्टिकर मिळतो. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक, पण तिथलाही गुण सरकारी संकेतस्थळावर शोधता येतो. न्यूयॉर्क शहरात 2010पासून ए, बी, सी अशी अक्षरं दर्शनी भागात लावतात. असा शेरा नसेल तिथे हात बघा: पैसे घेणारा तोच हात न धुता अन्नाला लागतोय का, कच्चं मांस आणि तयार अन्न एकाच फळीवर आहे का, भांडी कशात विसळतायत.

४. आत गेल्यावर बसायचं कसं

नियम देशागणिक बदलतात, पण एक सवय सगळीकडे चालते: दाराशी थांबा, नमस्कारवजा काही बोला, कुणाची तरी नजर मिळू द्या. मग ते खूण करतील. तिथल्या भाषेतलं अभिवादन आणि 'धन्यवाद' एवढे दोन शब्द पाठ करून जा. फ्रान्समध्ये आत शिरताना 'बोंझूर' न म्हणता थेट मागणी केली तर ते उद्धट वाटतं.

जर्मनीत साध्या ठिकाणी अनोळखी लोकांच्या टेबलावर रिकामी खुर्ची असेल तर विचारून बसतात. मात्र 'श्टामटिश' अशी पाटी असलेलं टेबल नेहमीच्या मंडळींसाठी राखीव असतं, तिथे बसू नका. जपानमधल्या अनेक नूडलच्या दुकानांत दाराशीच यंत्र असतं. आधी पैसे टाकून तिकीट घ्यायचं, ते काउंटरवर द्यायचं आणि मग बसायचं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालच्या छोट्या खाण्याच्या स्टॉलांच्या आवारात) टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरली आहे. तिथे खाऊन झाल्यावर ट्रे आणि उष्टं स्वतः नेऊन ठेवावं लागतं. सप्टेंबर 2021पासून तशी सक्तीच आहे. इटलीत कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायली तर एक दर आणि टेबलावर बसून प्यायली तर दुसरा, जास्तीचा.

टेबलावर क्यूआर कोड असेल तर आधी बोटाने चाचपून बघा. छापील कोडावर दुसरा स्टिकर चिकटवलेला असेल तर तो फसव्या संकेतस्थळाचा असू शकतो, म्हणून स्कॅन न करता वेटरला दाखवा.

५. मागवताना

आज काय आहे ते विचारा. पाटीवर खडूने लिहिलेला दिवसाचा पदार्थ, फ्रान्समधला 'प्ला द्यू जूर' किंवा दुसरीकडे जे नाव असेल ते, सकाळच्या बाजारावर ठरलेला असतो आणि झटपट खपतो.

एकदम सगळं मागवू नका. दोघांत दोन पदार्थ सांगा, वाढप किती मोठं आहे ते बघा, मग पुढचं. शेजारच्या टेबलावरचं छान दिसलं तर हळूच दाखवून "ते काय आहे?" असं विचारायला हरकत नाही. लोकांना त्याचा अभिमानच वाटतो.

आता सापळा. मेन्यूत मासे, खेकडे, मोठा मांसाचा तुकडा यांच्यापुढे आकडा लहान दिसला तर तो कशाचा आहे ते वाचा. इटलीत माशाचा दर बहुधा शंभर ग्रॅमचा, म्हणजे एका 'एत्तो'चा लिहिलेला असतो. ग्रीसमध्ये किलोचा. एक सबंध मासा सहज सातशे-आठशे ग्रॅम भरतो, आणि दर शंभर ग्रॅमचा असेल तर बिलावरचा आकडा मेन्यूतल्या आकड्याच्या सात-आठ पट होतो. यात फसवणूक नसतेही, ती तिथली पद्धत असते. उपाय सरळ आहे: शिजवण्याआधी मासा तोलून दाखवायला सांगा आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. 'बाजारभावाप्रमाणे' असं लिहिलेल्या पदार्थालाही हेच लागू. तोंडी सांगितलेल्या खास पदार्थांचा दरही विचारा. दर विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

६. काय खात नाही ते नीट सांगा

"मी शाकाहारी आहे" एवढ्या वाक्यावर परदेशात विसंबू नका. अनेक देशांत त्याचा अर्थ ताटात मांसाचे तुकडे नसावेत एवढाच घेतला जातो. रस्सा, चरबी, चटणी यांचा विचार कुणी करत नाही. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भाज्यांनाही माशाचा सॉस लागतो. जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सुपाचा आणि आमटीचा पाया 'दाशी' असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा. मेक्सिकोत परतलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) बनवतात. जेलीत बहुधा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं.

म्हणून चिठ्ठी वस्तूंच्या नावांनी लिहा: "मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. यांचा रस्सा, चरबी किंवा सॉसही चालत नाही. भाज्या, डाळी, भात, दूध चालतं." अंडी चालतात की नाही ते वेगळं लिहा. जमल्यास ती भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि ठळक अक्षरांत छापून जवळ ठेवा. वेटर ती सरळ आचाऱ्याला नेऊन दाखवतो, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. थायलंडमध्ये लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली पिवळी झेंडी दिसली तर तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. हॅपीकाउ या ॲपवर शाकाहारी आणि वीगन ठिकाणं शोधता येतात.

ॲलर्जीचं प्रकरण आवडीनिवडीपेक्षा फार गंभीर आहे आणि तसंच सांगायला हवं. चिठ्ठीत "हे खाल्लं तर माझा जीव धोक्यात येईल" असं वाक्य असू द्या. युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर 2014पासून रेस्टॉरंटांनाही 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, ग्लूटेनयुक्त धान्यं, सोया, कवचधारी जलचर वगैरे येतात. मेन्यूत दिसलं नाही तर तक्ता मागा. इतरत्र तळणीचं तेल एकच आहे का, हेही विचारा. कोळंबी तळलेल्या तेलात बटाटे तळले की ते बटाटे ॲलर्जीवाल्याला चालत नाहीत. उत्तर देताना माणूस गोंधळलेला वाटला तर तिथे जेवू नका, मग बाकी सगळे कितीही भुकेले असोत.

७. पोट सांभाळायचं ते असं

जागतिक आरोग्य संघटनेचे सुरक्षित अन्नाचे पाच मंत्र आहेत. त्यांतले आकडे प्रवाशाने पाठ करावेत असे आहेत. जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. शिजताना ते आतपर्यंत 70 अंशांवर जायला हवं. थर्मामीटर घेऊन कुणी जेवायला जात नाही, पण यातून निघणारे नियम सोपे आहेत. वाफाळतं असेल ते खा. कोमट दिसणारा बुफे सोडा. तासन्‌तास मांडून ठेवलेल्यापेक्षा समोर तव्यावरून उतरलेलं बरं.

म्हणूनच रस्त्यावरची गाडी रेस्टॉरंटपेक्षा वाईटच, असं म्हणणं मला मान्य नाही. भर गर्दीच्या वेळेला डोळ्यांसमोर शिजणारं अन्न सुनसान वातानुकूलित हॉलमधल्या अन्नापेक्षा पुष्कळदा सुरक्षित असतं. इथे पुन्हा वेळेचाच मुद्दा: गर्दीत माल टिकून राहत नाही.

नळाचं पाणी पिण्यालायक नसेल त्या देशात बर्फही टाळा. गोठल्याने जंतू मरत नाहीत आणि ग्लासात दारू आहे म्हणूनही मरत नाहीत. कच्ची कोशिंबीर आणि कापून ठेवलेली फळं त्याच पाण्याने धुतलेली असतात. स्वतः सोललेलं केळं, संत्रं चालेल. बाटलीचं सील तुमच्यासमोर तुटू द्या. पहिल्या दोन दिवसांत बेताने खा. प्रवासाने, उन्हाने आणि जागरणाने पोट तसंही नाजूक झालेलं असतं.

८. बिल आलं की

बऱ्याच देशांत मागितल्याशिवाय बिल आणून देत नाहीत. तो निष्काळजीपणा नसतो. घाई करणं त्यांना अशिष्ट वाटतं. खूण करून मागा आणि ओळ न ओळ वाचा.

न मागता टेबलावर आलेल्या वस्तू आधी तपासा. पोर्तुगालमध्ये ब्रेड, ऑलिव्ह, चीज असं आपणहून आणून ठेवतात आणि खाल्लं तर पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी रागावत नाही. इटलीत अनेक ठिकाणी 'कोपेर्तो' म्हणून माणशी आकार असतो. जपानच्या इझाकायात, म्हणजे दारूबरोबर छोटे पदार्थ देणाऱ्या खाणावळीत, पहिल्या पेयाबरोबर 'ओतोशी' नावाची छोटी वाटी येते आणि ती बिलात धरलेली असते. हे आकार अधिकृत असतात, त्यावरून भांडू नका. पाण्याचंही बघा. युरोपात नुसतं "पाणी" म्हटलं तर बाटली उघडून येते. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर 'काराफ दो' मागितलं तर नळाच्या पाण्याची सुरई मोफत मिळते.

कर आणि टिप यांचा हिशेब जागेप्रमाणे बदलतो. युरोपात मेन्यूतल्या दरात कर धरलेला असतो. अमेरिकेत विक्रीकर वेगळा लागतो आणि टेबलावर वाढणाऱ्याला साधारण 15 ते 20 टक्के टिप द्यावी लागते, कारण बऱ्याच राज्यांत त्याचं मूळ वेतन टिप गृहीत धरूनच ठरतं. जपानमध्ये टिप देत नाहीत. ठेवलेले पैसे विसरले समजून मागे धावत येऊन देतात. फ्रान्समध्ये सेवेचा आकार दरातच आहे. जर्मनीत रक्कम थोडी वर गोल करून पैसे देतानाच सांगतात. टिप देण्याआधी बिलात सेवा आकार लावलाय का ते बघा, नाहीतर दोनदा दिली जाते.

कार्डाच्या यंत्रावर कधी कधी प्रश्न येतो: स्थानिक चलनात द्यायचे की तुमच्या चलनात? नेहमी स्थानिक चलन निवडा. तुमच्या ओळखीच्या चलनातला आकडा दिलासा देतो, पण त्यातला विनिमय दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा तुमच्या बँकेपेक्षा महाग पडतो. वेटरने परस्पर निवड केली तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. कार्ड नजरेआड नेऊ देऊ नका. पावती जपून ठेवा.

बिलात चूक वाटली तर मेन्यू मागवा, त्या ओळीवर बोट ठेवा आणि शांतपणे विचारा. बहुतेक वेळा तिथेच दुरुस्ती होते. जेवणाबद्दल तक्रार असेल तर ती पहिल्या दोन घासांनंतर करा, ताट रिकामं झाल्यावर नाही.

९. एवढं करून पोट बिघडलंच तर

सगळ्यात आधी पाणी आणि क्षार. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात मिसळा आणि घोट घोट पीत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर लहान मुलांना ते घातक ठरतं. जेवण पूर्ण बंद करायची गरज नाही. भात, केळं, ब्रेड असं साधं काही सोसेल तेवढं घ्या.

शौचातून रक्त, जोराचा ताप, पोटात काहीच न ठरणं, लघवी कमी होणं किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नका. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर याहूनही लवकर डॉक्टरकडे जा. रुग्णालयात जाण्याआधी किंवा पोचताच विम्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. कोणत्या रुग्णालयात थेट बिल भागवता येईल ते तिथे सांगतात. तपासणी, औषधं आणि टॅक्सी यांच्या मूळ पावत्या एका पाकिटात ठेवा, कारण भरपाई मागताना त्या लागतात.

डॉक्टर विचारतील की गेल्या दोन-तीन दिवसांत काय आणि कुठे खाल्लं. जेवणांचे फोटो फोनमध्ये तारीख-वेळेसह असतातच, ते दाखवा.